नमुना आणि काम

जर्मनीतील लाइपझिग शहराला व्यापारी जत्रांची परंपरा बाराव्या शतकापासून लाभली आहे. शतकानुशतके व्यापारी तेथे विकायचा मालच लादून आणीत. परंतु कारखान्यांतून एकसारखी वस्तू हव्या तितक्या संख्येने निघू लागल्यावर सगळा साठा वाहून नेण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि १८९५ मध्ये त्याच शहरात नुसते नमुने मांडून मागणी नोंदवून घेणारी जत्रा भरली. आजची औद्योगिक प्रदर्शने याच पद्धतीची वारसदार आहेत. तेथे व्यवहार ठरतो तो पुढे तयार होणाऱ्या वस्तूचा, आणि तिच्या वतीने समोर उभा असतो तो नमुना. त्यामुळे प्रदर्शनाची तयारी, मग ती मांडणाऱ्याची असो वा पाहणाऱ्याची, मुख्यतः नमुना आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर मोजण्याची तयारी असते.

भारतात हे अंतर फार स्पष्ट दिसते ते 'इमटेक्स' या यंत्रप्रदर्शनात. भारतीय मशीन टूल उत्पादकांची संघटना १९६९ पासून ते भरवीत आली असून आता ते जानेवारीत बंगळुरूला भरते; विषम वर्षी धातू कापणाऱ्या आणि सम वर्षी धातूला आकार देणाऱ्या यंत्रांचे. पुण्याच्या भोसरीतून किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतून तेथे जाणाऱ्या लघुउद्योजकाला काचेच्या दारामागे जे काम चाललेले दिसते ते बहुधा ॲल्युमिनियमवर असते, कारण तो मऊ धातू वेगाने कापला जातो आणि त्याचा पृष्ठभाग झळाळतो. स्वतःच्या शॉपमध्ये त्याला कापायचे असते ते बीडाचे कास्टिंग, ज्याच्या खरखरीत कातडीत अडकलेली वाळू हत्याराची धार खाते. म्हणून जाणता उद्योजक निघताना आपल्या जॉबचे ड्रॉइंग, एक कच्चे कास्टिंग आणि सध्याच्या सायकल टाइमची, म्हणजे एक जॉब चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत लागणाऱ्या वेळेची, टप्प्याटप्प्याने केलेली नोंद बरोबर घेतो.

अशी नोंद हाती असली की प्रश्नांना धार येते. माहितीपत्रकात टूल बदलण्याचा जो वेळ ठळक छापलेला असतो तो पुष्कळदा केवळ एक हत्यार काढून दुसरे बसवण्याचा असतो. कामाला लागतो तो 'चिप टू चिप' वेळ, म्हणजे एका हत्याराने शेवटचा कीस काढल्यापासून पुढच्या हत्याराने पहिला कीस काढेपर्यंतचा. समजा, या दोन आकड्यांत २ सेकंदांचा फरक आहे, एका जॉबसाठी ८ वेळा हत्यार बदलावे लागते आणि दिवसाला २०० जॉब काढायचे आहेत. तर माहितीपत्रकावर विसंबून केलेल्या हिशेबात रोज ३,२०० सेकंदांची, म्हणजे सुमारे ५३ मिनिटांची, तूट येते. ही तूट स्टॉलवर विचारली तर प्रश्न ठरते, यंत्र घरी आल्यावर कळली तर तोटा.

मांडणाऱ्याची तयारी याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने सुरू होते. जड यंत्रे सभागृहात आधी न्यावी लागतात, कारण शेजारचे स्टॉल उभे राहिल्यावर क्रेनला वळायला जागा उरत नाही. प्रवासात हललेल्या यंत्राची लेव्हल, म्हणजे समपातळी, पुन्हा साधावी लागते. थ्री-फेज वीज आणि दाबाखालची हवा यांची मागणी पुष्कळ आधी नोंदवावी लागते. ही कामे यादी करून पार पडतात. अवघड निर्णय असतो तो यंत्रावर काय कापून दाखवायचे याचा. सोपा जॉब लावला तर गर्दी जमते, पण तिच्यातला गिऱ्हाईक ओळखू येत नाही. ज्या धातूत आणि ज्या मापात गिऱ्हाइकाची रोजची अडचण असते तसा जॉब लावला तर माणसे कमी थांबतात, मात्र थांबतात ती कामाचे बोलतात. त्यांच्याशी बोलायला विक्री विभागातल्या माणसाबरोबर ते यंत्र रोज चालवणारा ऑपरेटरही उभा असावा लागतो, कारण पाहुण्याची शंका किमतीइतकीच फिक्श्चरबद्दल, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाबद्दल असते.

चौकशीची नोंदही याच दृष्टीने करावी लागते. व्हिजिटिंग कार्डांच्या गठ्ठ्यातून संध्याकाळी फक्त नावे हाती लागतात. धातू कोणता, माप किती मायक्रॉनांत धरायचे, वर्षाला नग किती आणि निर्णय केव्हा, या चार गोष्टी पाहुणा समोर असतानाच लिहून घेतल्या तर पुढचे पत्र कोटेशनचे होऊ शकते. त्यानंतर गिऱ्हाईक आपली कास्टिंगे निर्मात्याच्या कारखान्यात पाठवून ट्रायल मागतो, आणि एका सुबक नगावरून यंत्राची क्षमता सिद्ध होत नसल्याने सलग काढलेल्या अनेक नगांची मापे तपासतो. प्रदर्शनातल्या शब्दाची खरी परीक्षा तेथे होते. त्यामुळे ट्रायलमध्ये जो आकडा टिकणार नाही तो स्टॉलवर सांगायचाच नाही, हे मांडणाऱ्याने बंगळुरूला निघण्यापूर्वी ठरवलेले असावे.