रोजंदारीचा गुप्तहेर

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने ‘हिरवे वांगे’ नावाचे रहस्यमय प्रहसन केले, हे आपणांस आठवत असेलच. त्यातला गुप्तहेर म्हणजे अस्मादिक! अंगात मामांचा रेनकोट, डोक्यावर मागून आणलेली हॅट आणि तोंडात न पेटवलेली विडी.

या वांग्याचे मूळ अमेरिकेत आहे. सरांनी आम्हांला ‘द माल्टीज फाल्कन’ हा १९४१ चा चित्रपट दाखवला. डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरचा, जॉन ह्यूस्टनने दिग्दर्शित केलेला. वरून काळा लेप दिलेला रत्नजडित सोन्याचा ससाणा मिळवण्यासाठी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटी चाकूने खरवडून पाहावे, तर आत शिसे!

जळगावात ससाणा कुठून आणायचा? इथे सोने आहे आणि भरताचे वांगे आहे. तेव्हा सोन्याच्या वांग्याला आम्ही हिरवा रंग दिला. शेवटी खरवडल्यावर ते खरेच वांगे निघते आणि सारे संशयित मिळून त्याचे भरीत करतात. साहाय्यकाचे नाव छोटू ठेवले. हजारांवर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांना (१९०६–१९९६) आणि त्यांच्या धनंजय-छोटूला तेवढा नमस्कार हवाच होता.

तालमीत एक कळले. अशा नाटकात गुप्तहेराने हसायचे नसते. खुनाच्या पुराव्याकडे पाहावे तसे त्याने वांग्याकडे पाहिले, तरच प्रेक्षक हसतो. दुसरे असे, की हा गुप्तहेर पोटासाठी राबणारा माणूस आहे. रेमंड चँडलरचा फिलिप मार्लो तर आपला दर दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च, असा सांगतो. त्यावरून मी माझे वाक्य लिहिले : “रोज पाचशे, चहापाणी वेगळे!” शेवटी सगळे भरीत खाऊन निघून जातात, गुप्तहेराचे पैसे बुडतात आणि तो रिकामा तवा हुंगत बसतो. या जागेवर सभागृह हशा-शिट्ट्यांनी दणाणले.

धुळ्याहून आबा आले होते. ते जिनिंगमध्ये रोजाने जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘खासगी नोकरी’ असे लिहिले होते.

प्रयोगानंतर बसस्थानकावर चहा घेताना आबांनी विचारले,

“त्या जासूसले त्याना रोज भेटना का नही?”

“आबा, नाटक शे ते.”

“शे ना. पन काम त्यानी करं, भरीत दुसरास्नी खादं.”

ते हसत नव्हते, रागावलेही नव्हते. बशीत चहा ओतून शांतपणे पीत होते. त्यांच्या केसांत, कानामागे कापसाचा बारीक भुगा होता. नाटक पाहायला आले म्हणून त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. ते बोलले नाहीत. मला ठाऊक होते. अर्जात जो शब्द मी लपवला, तोच रंगमंचावर नेऊन मी टाळ्या मिळवल्या होत्या.

गाडी लागली. जाताना त्यांनी हातावर पन्नासाची नोट ठेवली. “चहापानी येगळं,” म्हणाले. आता मात्र ते हसले.

पुढे मराठी विभागाच्या कार्यक्रमात दुसरा प्रयोग झाला, तेव्हा आम्ही शेवट बदलला. सगळे भरतावर तुटून पडणार, इतक्यात गुप्तहेर तव्यावर हॅट झाकतो आणि हात पुढे करतो : “आधी रोज!” संशयित खिसे चाचपतात, एकमेकांकडे बघतात, शेवटी वर्गणी काढतात. वर्गणी पुरी होईतो कुणाला घास मिळत नाही. हशा पहिल्याइतकाच आला.

तृतीय वर्षाचा अर्ज लवकरच भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचे, ते ठरले आहे.

— द्वितीय वर्ष कला