बॉर्डर्सची रग्बी : स्कॉटलंडहून पत्रे

गॅलाशील्स, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

ती. अण्णांस,


स्कॉटलंडचा इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ पट्टा बॉर्डर्स या नावाने ओळखला जातो. मेंढ्या, लोकरीच्या गिरण्या आणि रग्बी यांवर इथली गावे वाढली. गिरण्या बहुतेक बंद पडल्या, बाकीच्या दोन गोष्टी अजून आहेत. हॉइक आणि गॅलाशील्स ही त्यातल्या त्यात मोठी गावे. मेलरोज तर दोन-अडीच हजार वस्तीचे. पण प्रत्येकाचा क्लब वेगळा, मैदान वेगळे आणि रंगही वेगळा. हॉइकचा हिरवा, मेलरोजचा पिवळा-काळा, केल्सोचा काळा-पांढरा. दुकानाच्या पाटीपासून लोकरी टोपीपर्यंत तोच रंग दिसतो.

एडिंबऱ्यात रग्बी रुजवली ती बड्या शाळांत शिकलेल्या वकील-डॉक्टर मंडळींनी. बॉर्डर्समध्ये हाच खेळ गिरणीकामगार, मेंढपाळ, खाटीक आणि सुतारांच्या हाती पडला. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की मैदान गाठायचे आणि शेजारच्या गावाशी भिडायचे. शेजारचे गाव म्हणजे चार-पाच मैलांवरचे, म्हणजे सोमवारी बाजारात भेटणारी तीच माणसे. इथल्या साखळी स्पर्धेचा सगळा जीव या शेजारात आहे.

१९०१ साली गॅला, हॉइक, जेड-फॉरेस्ट, लँगम आणि मेलरोज या पाच क्लबांनी आपसांत गुणतक्ता ठेवून खेळायचे ठरवले आणि बॉर्डर लीग सुरू झाली. त्या काळी हे धाडसच होते. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लबांनी, सामन्यासाठी बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी या वादावरून फारकत घेतली होती. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंची रग्बी लीग निघाली. त्या फुटीनंतर जुन्या खेळाच्या कारभाऱ्यांना गुणतक्ता म्हटला की पोटात गोळा यायचा. तक्ता आला की चुरस वाढणार आणि चुरशीमागून पैसा येणार, असे त्यांचे गणित. बॉर्डर्सच्या क्लबांनी तक्ता तेवढा घेतला, पैसा घेतला नाही. केल्सो आणि सेल्कर्क १९१२ साली आत आले, पीबल्स त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. रग्बी युनियनमधली आजही चालू असलेली जगातली सर्वांत जुनी साखळी म्हणून हिचेच नाव घेतले जाते.

पैशाची चणचण मात्र पहिल्यापासून. १८८३ साली मेलरोज क्लबाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा खाटकाच्या दुकानात काम करणाऱ्या नेड हेग या खेळाडूने एका दिवसाची स्पर्धा भरवण्याची कल्पना काढली. पंधरा-पंधरा जणांचे एवढे सामने एका दुपारी उरकणे अशक्य, म्हणून संघ सात जणांचे केले आणि वेळही तोडली. अंतिम सामना गॅला आणि मेलरोज यांच्यात बरोबरीत सुटला. जादा वेळ खेळायचा ठरला, मेलरोजने ट्राय मारली, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि ठरलेला वेळ संपण्याची वाट न पाहता करंडक आपलाच म्हणून मैदान सोडले. गॅलावाल्यांनी आरडाओरडा केला, पण करंडक मेलरोजलाच गेला. निधी जमवण्याची ही युक्ती २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकपर्यंत जाऊन पोहोचली.

हॉइक, त्याच आठवड्याची अखेर

स्कॉटलंडभर अधिकृत साखळी सुरू झाली ती १९७३-७४ च्या हंगामात. त्याआधी देशाचा विजेता वर्तमानपत्रे हिशेब मांडून ठरवत. नव्या व्यवस्थेत सहा श्रेणी झाल्या. वरच्याची घसरण, खालच्याची बढती. पहिली पाच विजेतेपदे हॉइकने सलग मिळवली, त्यामुळे या गावात त्या बढती-घसरणीच्या शिडीबद्दल तक्रार करणारा त्या वेळी तरी कोणी नसावा. टीव्ही-रेडिओवरचा रग्बीचा आवाज बिल मॅक्लारन हाही इथलाच. क्षयामुळे त्याचे खेळणे सुटले. पुढे शाळेत व्यायाम शिकवत त्याने समालोचन केले आणि गाव कधी सोडले नाही.

शिडीचा परिणाम मात्र शेजारावर झाला. एक गाव वरच्या पायरीवर, दुसरे तीन पायऱ्या खाली, की दोघांची गाठ शनिवारी पडेनाशी होते. मग बॉर्डर लीगचे सामने आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी दिव्यांखाली ढकलले गेले. कधी एकाच सामन्याचा निकाल दोन्ही तक्त्यांत धरण्याची सोयही केली गेली. जुनी साखळी टिकली, पण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला बुधवारी रात्री टॅकल करायला लावून.

आजच्या शिडीत वर प्रीमियरशिप आणि राष्ट्रीय श्रेणी आहेत. त्यांच्या खाली पूर्व, पश्चिम आणि कॅलेडोनिया असे विभाग. एडिंबरा, लोदियन आणि बॉर्डर्स यांचा मिळून पूर्व विभाग. त्यातल्या खालच्या श्रेणींत लहान गावांचे पहिले संघ खेळतात. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. ४ ट्राय मारल्या तर जादा १ गुण, आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरले तरी पदरात १. या शेवटच्या गुणामुळे हरणारा संघही अखेरच्या मिनिटापर्यंत झटतो. एक पेनल्टी साधली की परतीच्या बसमध्ये निदान काहीतरी घेऊन बसता येते.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये रग्बी युनियनने व्यावसायिक खेळाला मुभा दिली. स्कॉटलंडमध्ये पैसा एडिंबरा आणि ग्लासगो या दोन शहरी संघांभोवती गोळा झाला. बॉर्डर्सचाही एक व्यावसायिक संघ गॅलाशील्समध्ये २००२ साली उभा केला गेला आणि २००७ साली गुंडाळला गेला. त्यात नवल नाही. हॉइकच्या माणसाने गॅलाच्या मैदानावर जाऊन तिसऱ्याच नावाच्या संघासाठी टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षाच जरा भाबडी होती. २०१९ साली सुरू झालेली सहा संघांची निमव्यावसायिक स्पर्धाही २०२४ पर्यंतच चालली. खालच्या श्रेणींतले खेळाडू पहिल्यापासून वर्गणी भरून खेळत आले आहेत, तसेच ते आजही खेळतात.

लँगम, शनिवार

हॉइकहून कार्लाइलकडे जाणारा ए-७ रस्ता मॉसपॉलच्या खिंडीतून उतरतो आणि सदतीस-एक किलोमीटरवर एस्क, यूज आणि वॉकोप या तीन प्रवाहांच्या संगमावर लँगम लागते. वस्ती अडीच हजारांच्या आत. प्रवासी रेल्वे १९६४ सालीच बंद झाली. जिल्ह्याच्या हिशेबाने गाव पश्चिमेच्या डम्फ्रीशरमध्ये, पण रग्बीच्या बाबतीत ते स्वतःला बॉर्डर्सचेच मानते, आणि बॉर्डर्सनेही ते मान्य केलेले आहे. इथला क्लब १८७१ चा, म्हणजे स्कॉटलंड-इंग्लंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना एडिंबऱ्यात झाला त्याच वर्षाचा. बॉर्डर्समध्ये याहून जुना क्लब नाही. १९५८-५९ च्या हंगामात लँगम एकही सामना न हरता स्कॉटलंडचा अनधिकृत विजेता ठरला. ख्रिस्ती एलियट हा स्कॉटलंडचा विंगर याच क्लबाचा. दुसरा विंगर बिली स्टील १९७४ च्या ब्रिटिश लायन्स दौऱ्यावर दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे तो सोबत्यांना ‘फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड’ म्हणून दाखवत असे. आज स्कॉटलंडच्या सामन्याआधी हजारो लोक तेच गाणे म्हणतात.

मिलटाउन मैदानावरचा किरमिजी-पांढरा संघ आता प्रादेशिक पायऱ्यांवर खेळतो. ज्यांच्याबरोबर १९०१ ची साखळी काढली ते सोबती बरेच वर आहेत. घसरणीचे कारण खेळाच्या दर्जात शोधण्यात फारसा अर्थ नाही. अडचण माणसांच्या संख्येची आहे. गिरण्या मिटल्या, तरुण शिक्षणाला आणि नोकरीला एडिंबरा-ग्लासगोला गेले. मोठ्या गावातला क्लब एका मुलाच्या जागी दुसरा उभा करतो. लहान गावात ती जागा मोकळीच राहते.

त्यातही पुढच्या फळीची पंचाईत मोठी. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात तेव्हा मानेवरचा सारा भार दोन प्रॉप आणि मधला हुकर या तिघांवर येतो. सवय नसलेल्या माणसाला तिथे उभे केले तर मान मोडण्याची भीती, म्हणून पंधरा जणांच्या संघात पुढच्या फळीत खेळू शकणारे किमान तीन हवेत असा नियमच आहे. एखादा जखमी झाला आणि जागेवर दुसरा नसला की पंच रेटारेटीविना स्क्रम लावायला सांगतो. दोन्ही फळ्या नुसत्या टेकतात, चेंडू टाकणारा संघ तो उचलतो. हे सुरक्षित खरे, पण वजनदार पुढची फळी हेच ज्याचे बळ, त्या संघाच्या हातातून अर्धा सामना निसटतो. म्हणून खालच्या श्रेणीत शुक्रवारी रात्री फोन फिरतात ते मुख्यतः प्रॉपसाठी. चाळिशी उलटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला जुना प्रॉप अशा वेळी सोन्याच्या मोलाचा. माणसे जुळलीच नाहीत तर सामना सोडावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला घरबसल्या गुण मिळतात.

पंच बाहेरून येतो, पण रेषेवरचे झेंडे बहुधा दोन्ही क्लबांचे कोणीतरी धरते, आणि चेंडू नेमका कुठे बाहेर गेला यावर थोडी घासाघीस होतेच. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून तीनचा सामना दोनला सुरू करतात. जमीन गोठली किंवा पाणी साचले की सामना पुढे जातो, आणि असे चार-पाच सामने साठले की मार्चमध्ये तारखांची ओढाताण. मुंबईच्या कांगा लीगमध्ये पावसात क्रिकेट खेळलेल्यांना हा चिखल आणि ही जिद्द नवी वाटू नये. २०२३-२४ च्या हंगामापासून हौशी सामन्यांत टॅकल छातीच्या हाडाखालीच करायचा असा नियम आला. डोक्याला धक्का बसलेल्या खेळाडूला २१ दिवसांच्या आत सामन्यात परतता येत नाही. पंधरा जण जमवताना नाकी नऊ येणाऱ्या क्लबाला हे तीन आठवडे जड जातात, तरी नियम योग्यच आहे.

अण्णा, तुमच्या आवडीचा मजकूर गावावरच्या टेकडीवर आहे. व्हिटा टेकडीवरचा सुमारे १०० फुटी दगडी स्तंभ सर जॉन माल्कम याचा. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाले आणि ज्याने त्यांना वर्षाला आठ लाखांचा तनखा कबूल केला, तोच हा. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्या नावाने वसली. त्याचा जन्म १७६९ सालचा, इथून जवळच्या बर्नफुटचा. दुसरा धागा कापडाचा. रीड अँड टेलर या सुटिंगच्या नावाची मूळ गिरणी १८३७ साली लँगममध्ये निघाली. भारतात ते नाव घरोघरी गेले. इथली गिरणी २०१० च्या दशकात बंद पडली.

रग्बीचा स्वतःचा भारतीय धागा कलकत्त्याचा. तिथला इंग्रजांचा रग्बी खेळणारा फुटबॉल क्लब १८७८ साली मोडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून त्याचा करंडक केला. त्याला तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंड आजही या कलकत्ता कपसाठी झुंजतात. १९८८ साली जिंकण्या-हरण्याच्या धुंदीत खेळाडूंनी तो एडिंबऱ्याच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून लाथाडत नेला आणि पार चेपवला. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यातली रग्बी अजून चालते.

लँगम, रविवार

क्लबाचा खर्च भागतो तो वर्गणी, सोडती, गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती आणि बार यांवर. बसभाडे हा सर्वांत नकोसा आकडा. विभाग जितका पसरट, तितका तो मोठा. सामन्यानंतर यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचे हा रिवाज सगळ्या पायऱ्यांवर सारखाच पाळला जातो. बटाटा, कांदा आणि मांस एकत्र शिजवलेल्या स्टोव्हीज, नाहीतर ‘पाय’ (pie), असा साधाच बेत. दुपारभर ज्याची मान दाबली त्याच्याच शेजारी ताट घेऊन बसावे लागते आणि पुढच्या आठवड्यात कोणाकडे प्रॉप शिल्लक आहे याची चौकशीही तिथेच होते.

साखळी वसंतात आटोपते. मग सात जणांच्या स्पर्धा सुरू होतात. गॅला, मेलरोज, हॉइक, बेरिक, लँगम, पीबल्स, केल्सो, अर्लस्टन, सेल्कर्क आणि जेड-फॉरेस्ट या दहांचे गुण मिळून ‘किंग्ज ऑफ द सेव्हन्स’ ठरतो. साखळीत तळाला असलेल्या क्लबाच्या मैदानावरही त्या एका दिवशी वरच्या श्रेणीचे संघ उतरतात, आणि प्रवेशशुल्क व बार मिळून क्लबाच्या वर्षाच्या खर्चाला मोठा हातभार लागतो. नेड हेगचा हिशेब लहान गावांसाठी अजून तसाच लागू आहे. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी लँगममध्ये कॉमन रायडिंग म्हणजे गावकुसाची घोड्यावरून फेरी निघते. त्या दिवशी क्लबाचे आजी-माजी खेळाडू घोड्यांवर नाहीतर त्यांच्या मागे असतात. सप्टेंबरात नवे वेळापत्रक लागते, आणि त्याआधी पहिला प्रश्न पुन्हा तोच असतो : पुढच्या फळीत तीन जण आहेत का.