एका प्रश्नाचीं चव्वेचाळीस वर्षें

मतभेद हा सार्वजनिक जीवनाचा प्राणवायु होय, असें आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत असतों. परंतु ज्या घरांत आम्ही लहानाचे मोठे झालों, तेथें मतभेदानें एका मैत्रीचा श्वास कोंडलेला आम्हीं पाहिला आहे. ती हकीकत आज सांगावीशी वाटते.

आमचे वडील जालन्यांत शाळामास्तर होते. त्यांचे एक बालमित्र सरकीच्या कारखान्यांत कारकून होते. 'जालना, सोने का पलना' अशी ज्या गांवाची ख्याति, त्या व्यापारी पेठेंत श्रमिकांच्या राज्याचीं स्वप्नें पाहणारे हे दोघे लोकांस अंमळ विक्षिप्तच वाटत. निजामाविरुद्धच्या लढ्यांत दोघे एकत्र होते आणि तेथूनच दोघे कम्युनिस्ट झाले. आम्हांस कळूं लागलें तेव्हां मात्र या गृहस्थांचा उल्लेख आमच्या घरीं 'ते' एवढ्याच शब्दानें होई. आई तेवढी चुकून 'भावोजी' म्हणे आणि वडिलांकडे पाहून गप्प बसे. १९६४ सालीं पक्ष फुटला, तेव्हांपासून हें असें चाललें होतें. वडील श्रीपाद अमृत डांगे यांच्या बाजूस राहिले, ते भालचंद्र त्र्यंबक रणदिवे यांच्या बाजूस गेले. दोघांच्याही भिंतीवर लेनिनची तसबीर मात्र एकच होती.

एकदां भर बाजारांत ते समोरून आले. "अभ्यास कसा चालला आहे?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं मान फिरविली व चालूं लागलों. यांत आपण पितृभक्ति दाखविली, असें आम्हांस त्या वयांत वाटलें.

ज्यावरून हें सारें घडलें, तो प्रश्न तरी काय होता? तो १९२० सालीं मॉस्को येथें कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या परिषदेंत उघडपणें मांडला गेला. परतंत्र देशांत मध्यमवर्गाच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या राष्ट्रीय चळवळीशीं श्रमिकांच्या पक्षानें हातमिळवणी करावी, कीं तिजपासून अलग राहून आपली स्वतंत्र चळवळ उभारावी? आपलें स्वत्व राखून साहाय्य करावें, असें लेनिनचें म्हणणें होतें. मानवेंद्रनाथ रॉय यांस त्या नेतृत्वाचा भरंवसा नव्हता. अखेर दुरुस्त्या होऊन दोघांचेही प्रबंध संमत झाले, म्हणजे वाद मिटला नाहीं, तो वांटून घेतला गेला. पुढच्याच वर्षीं मुंबईंत तरुण डांग्यांनीं 'गांधी विरुद्ध लेनिन' हें इंग्रजी पुस्तक लिहिलें, त्यांतही याच विचाराचें बीज होतें.

पुढें या प्रश्नाचें उत्तर वारंवार पालटत गेलें. १९२८ सालीं मुंबईच्या सुमारें दीड लाख गिरणीकामगारांस सहा महिने संपांत टिकवून धरणारी ही मंडळी १९३० च्या कायदेभंगाच्या वेळीं कांठावर उभी राहिली. पुढाऱ्यांपैकीं बरेच जण मीरतच्या खटल्यांत अडकले होते हें खरें. परंतु इंटरनॅशनलच्या सहाव्या परिषदेनें घेतलेलें डावें वळण हेंही त्यास कारण होतें. १९३५ सालीं सातव्या परिषदेनें संयुक्त आघाडीचा मंत्र दिला. १९४१ सालीं हिटलर रशियावर चालून गेला आणि साम्राज्यवादी युद्ध 'लोकयुद्ध' ठरलें. त्यामुळें १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनाला पक्षानें विरोध केला. १९४३ सालीं इंटरनॅशनल विसर्जित झालें, परंतु उत्तर बाहेरून मागविण्याची संवय विसर्जित झाली नाहीं.

आमच्या वडिलांचा व त्यांच्या मित्राचा पहिला खटका १९४८ सालचा. त्या वर्षीं कलकत्त्याच्या अधिवेशनांत रणदिवे सरचिटणीस झाले व नेहरूंच्या सरकाराविरुद्ध उठावाचें धोरण ठरलें. सप्टेंबरांत हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या. आमचें जालनें त्याच संस्थानांत, आणि तेलंगणांतील सशस्त्र शेतकरी लढाही त्याच संस्थानांत. निजाम गेला, आतां शस्त्रें खालीं ठेवावीं, असें वडिलांचें मत. "आणि देशमुखांकडून घेतलेल्या जमिनी? तीं माणसें उद्यां परत आलीं तर कुळांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें?" असा मित्राचा सवाल. दोन्ही बोलणीं पोकळ नव्हतीं. खुद्द तेलंगणाचे नेते रावी नारायण रेड्डी यांसही लढा थांबवावा असें वाटत होतें, परंतु तें तेव्हां मानलें गेलें नाहीं. १९५० च्या जानेवारींत बुखारेस्टहून निघणाऱ्या कॉमिन्फॉर्मच्या पत्रांत अग्रलेख आला आणि रणदिव्यांचें धोरण कोसळलें. १९५१ सालीं चार पुढारी गुप्तपणें मॉस्कोस जाऊन स्टालिनला भेटले, व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लढा मागें घेतला गेला. जें तेलंगणांतील माणूस तीन वर्षांपूर्वीं सांगत होता, तें मॉस्कोचा शिक्का उमटल्यावर शहाणपण ठरलें!

तरीही या काळांत दोघांची मैत्री टिकली. रविवारीं चहा व्हावा, भांडण व्हावें, पुन्हां पुढच्या रविवारीं चहा व्हावा. १९६२ चें चीनचें युद्ध आणि मॉस्को-पेकिंग यांचें वितुष्ट यांनीं जुन्या प्रश्नास नवी धार चढली. काँग्रेसशीं सहकार्य कीं संघर्ष, हा तोच १९२० चा प्रश्न. या खेपेस मात्र प्रतिपक्षी चुकला आहे असें म्हणण्याऐवजीं तो फितूर आहे असें म्हटलें गेलें. चुकलेल्या माणसास चहा देतां येतो. फितुरास देतां येत नाहीं.

१९९० सालीं रणदिवे वारले, १९९१ च्या मे महिन्यांत डांगे वारले, आणि त्याच डिसेंबरांत सोव्हिएत संघ लयास गेला. पुढच्या आठवड्यांत एका सकाळीं ते आमच्या ओट्यापाशीं येऊन उभे राहिले. वडील उठले. "ये, बैस," एवढेंच म्हणाले. "वहिनींना साखर कमी घालायला सांग," असें त्यांनीं सांगितलें. आम्ही तेव्हां पदवीच्या शेवटच्या वर्षांत होतों. त्या वयास शोभेशा उतावळेपणानें आम्हीं विचारलें, "तुम्हां दोघांत बरोबर कोण होतें?"

वडील कांहीं बोलले नाहींत. ते म्हणाले, "अरे, प्रश्न आपल्याच शेतांतला होता. उत्तर मात्र आम्ही दोघेही टपालानें मागवीत राहिलों."

हें वाक्य आम्ही पुष्कळ वर्षें मनांत घोळविलें आहे. त्या पिढीचा वाद व्यर्थ होता, असें आम्हांस वाटत नाहीं. कोणाबरोबर जावें आणि कोठपर्यंत जावें, हें प्रत्येक चळवळीस ठरवावेंच लागतें, व तें भांडल्यावांचून ठरत नाहीं. परंतु दुसऱ्या मुलखांत ठरलेलें उत्तर मनुष्य जेव्हां निष्ठेनें पाळूं लागतो, तेव्हां त्याचा तपास शेजाऱ्याशीं बोलून करण्याची त्यास गरज उरत नाहीं. उलट शेजाऱ्याचें बोलणेंच त्यास द्रोह वाटूं लागतें. आमचे वडील आणि ते सत्तावीस वर्षें एकाच गांवांत राहून एकमेकांस जें विचारूं शकले नाहींत, तें तेलंगणाच्या जमिनीविषयीं होतें. मॉस्को वा पेकिंग यांविषयीं नव्हे.

त्या सकाळीं चहाचा पेला आम्हीं त्यांच्या हातीं दिला, तेव्हां आमची मान खालीं होती. पेला घेतां घेतां त्यांनीं विचारलें, "अभ्यास कसा चालला आहे?" या वेळीं आम्हीं उत्तर दिलें.