निजलेल्याची साक्ष

मला झोप लागत नाही, याचा मला बरीच वर्षे थोडा अभिमानच होता. पडल्याबरोबर घोरणारी माणसे जाड बुद्धीची आणि रात्रभर कूस बदलणारी हळव्या मनाची, अशी मी मनुष्यजातीची सोयीस्कर विभागणी केली होती. माझी जागा कोणत्या पंक्तीत, हे सांगायला नकोच!

परवा अलिबागला ताईकडे गेलो होतो. सकाळी पडवीत चहा घेताना नेहमीचे गाऱ्हाणे मांडले, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घड्याळाचा टोला न् टोला ऐकला."

ताईने अंगणाकडे बोट दाखवले. न्हाणीघराची कौले फुटून पडली होती आणि त्यांवर भलीमोठी झावळी. "अरे, दोन वाजता पडली ही! शेजारीसुद्धा धावत आले. तू मात्र खुशाल घोरत होतास."

संध्याकाळी चुंबकीय वेधशाळेवरून फिरायला गेलो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिथल्या कुलाब्याचे काम इकडे आणले गेले. १९०४ पासून येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची रात्रंदिवस नोंद होत आहे. वाटले, माझ्याही रात्रीची अशी कोणी नोंद ठेवील तर?

तशी सोयही आता आहे. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी रात्रभर टिपतात. 'क्षणभरही झोपलो नाही' म्हणणारा माणूस पुष्कळदा कित्येक तास झोपलेला निघतो. खोटे तो बोलत नसतो. झोपेला झोपणारा साक्षी नसतो. आठवतात ते जागेपणाचे तुकडे. काळजीखोर मन तेच एकमेकांना जोडून अखंड रात्र विणते. शिवाय अशा काहीजणांच्या झोपेतही जागेपणाच्या द्रुत लहरी अधिक आढळल्या आहेत. म्हणजे गाऱ्हाण्यात थोडे तथ्यही असते.

आणि मला आई आठवली. "मेली झोपच नाही," असे ती रोज सकाळी म्हणे आणि मी तिच्या घोरण्याची नक्कल करून घरादाराला हसवीत असे. तीही हसे. पुढे तिने ते सांगणेच सोडले. तिला रात्र कशी जाते, हे मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच म्हणाली, "काल मला मुळी झोपच नाही रे!" तिचे घोरणे मी भिंतीपलीकडून ऐकले होते. पण ते ओठांवर आले नाही.

"किती वाजता जाग आली, ताई?" मी विचारले.

चहा निवून गेला, तरी ती बोलत होती.