हवा किती ठेवावी?

मे महिना लागला की इंदुरातल्या मराठी घरांना नाशिक-पुण्याचे वेध लागतात. कुणाच्या लेकीचे सासर तिकडे, कुणाचे कुलदैवत तिकडे. गाडी धुऊन-पुसून, डिकीत शेवेची पाकिटे कोंबून झाली की उरते ते पंपावर जाऊन हवा भरून घेण्याचे काम. नेमक्या याच वेळी घरातले एखादे अनुभवी काका पुढे होतात आणि सांगतात, ‘‘ऊन फार आहे, हवा चार पौंड कमीच ठेव. रस्त्यावर तापून ती आपोआप वाढेल, नाहीतर टायर फुटेल.’’ उपदेश इतका सरळ आणि तर्काला धरून वाटतो की त्याला हरकत घेण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या मते मात्र आपल्या मोटारप्रवासातला याहून घातक समज दुसरा नसेल, आणि म्हणूनच हा लेखप्रपंच.

काकांच्या म्हणण्यातला पूर्वार्ध खरा आहे. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. सकाळी सत्तावीस अंशांच्या गारव्यात ३३ पौंड भरलेली हवा, मानपूरचा घाट उतरून धामणोदला पोचेपर्यंत पंचावन्न अंशांवर गेली, तर काटा ३७-३८ दाखवील. (पौंड म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा भार, किलो-लिटरच्या राज्यात हा एक इंग्रजी पाहुणा पंपावर अद्याप मुक्काम ठोकून आहे.) परंतु ही वाढ टायर बनविणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. गाडीच्या दारापाशी, चालकाच्या बाजूच्या खांबावर चिकटविलेल्या पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि चार-पाच पौंडांची वाढ सोसणे हे चांगल्या टायरला मुळीच जड नसते.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात कशाने? बहुतेक वेळा कमी हवेने. दीड हजार किलोंची भरलेली गाडी जमिनीला चार ठिकाणीच टेकते. प्रत्येक चाकावर पावणेचारशे-चारशे किलो येतात आणि ३३ पौंड दाबाची हवा ते ज्या तुकड्यावर तोलून धरते, तो बोटे पसरलेल्या पंजाएवढा असतो. भार वाहते ती हवा. रबर आणि आतल्या तारा केवळ तिला कोंडून ठेवतात. हवा कमी झाली की टायर अधिक पसरतो आणि त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. शंभराच्या वेगाला हे मिनिटाला आठशे-नऊशे वेळा घडते. पत्र्याची तार हातात धरून पुन्हापुन्हा वाकवली तर ती वाकल्या जागी गरम होते, हे आपण लहानपणी केलेले आहे. टायरचेही तेच. बाहेरून ऊन, खालून डांबर आणि आतून हे वाकणे. यांतले आपल्या हाती असते ते फक्त तिसरे, आणि काकांचा सल्ला नेमके तेच वाढवितो.

याहूनही कठीण प्रकार वाटेत घडतो. दुपारी ढाब्यापाशी कुणी काटा लावून बघतो, ३७ दिसतात, आणि दक्षता म्हणून हवा सोडून ३३ वर आणतो. हीच हवा दुसऱ्या दिवशी पहाटे जेमतेम २९ भरते. गाडी तशीच सामानासकट परतीला लागते. हे करणारा माणूस बेफिकीर नसतो, उलट तो काळजी घेणारा असतो, ही यातली खरी अडचण.

अमेरिकेत हा धडा फार महाग पडला. फोर्ड कंपनीच्या ‘एक्स्प्लोरर’ गाड्यांवरील फायरस्टोन टायर धावताना थर सुटून निकामी होत आणि उंच बांध्याच्या त्या गाड्या उलटत. अडीचशेहून अधिक माणसे दगावली आणि ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. टायरच्या घडणीत दोष होतेच. पण फोर्डने या गाडीसाठी २६ पौंड इतकाच दाब सुचविला होता, आणि हे टायर अधिक निकामी झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत. त्या प्रकरणानंतर तिकडे हवा कमी होताच चालकास इशारा देणारे यंत्र नव्या गाड्यांत सक्तीचे झाले.

कमी हवेचा मोह का पडतो, हेही उघड आहे. गाडी गादीवर बसल्यासारखी चालते, खड्डा बोचत नाही. उपनगरांतल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्याला हे सुख नाकारवत नाही. मात्र वळणावर हेच सुख डगमगू लागते. हवा प्रमाणाबाहेर भरली तर उलटे होते. गाडी प्रत्येक खडा सांगते आणि टायरची नक्षी मधोमध झिजते. कमी हवेत दोन्ही कडा झिजतात. झिजलेला टायर हातात घेऊन पंक्चरवाला त्या गाडीच्या मालकाच्या सवयी बिनचूक सांगू शकतो.

पेट्रोलच्या बचतीचा गाजावाजा मात्र आम्हांला थोडा अतिरंजित वाटतो. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही चाकांत सरासरी एक पौंड हवा कमी झाल्यास इंधन ०.२ टक्के अधिक लागते. चार पौंडांनी एक टक्कादेखील होत नाही. इंदूर-नाशिक फेरीत एकेरी वाटेवर पाव लिटरही नाही. हवा राखायची ती पैशासाठी नव्हे.

हे सारे मोजण्याची जागा आपल्या उंबरठ्यावरच आहे. पीथमपूरला टायरचा कारखाना आहे, आणि तेथेच ‘नॅट्रॅक्स’ची सव्वाअकरा किलोमीटरची लंबगोल धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. अशा धावपट्टीवर गाडीला ठरलेला वेग देऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात मंदावते ते पाहून चाकांचा व वाऱ्याचा अडथळा काढतात. चाचणीपूर्वी थंड टायरची हवा काट्याने नेमकी केली नाही, तर त्या साऱ्या आकड्यांना किंमत उरत नाही. पाऊण तासावरच्या इंदुरात आपण मात्र पंपावरच्या मुलाने विचारलेल्या ‘‘कितनी डालूँ भिया?’’ या प्रश्नाला ‘‘डाल दे बत्तीस-पैंतीस’’ असे मोघम उत्तर देतो.

आकडा पट्टीवरचा धरावा. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरण्यासाठी नव्हे. गाडी पूर्ण भरली असेल तर पट्टीवर त्यासाठी बहुधा वेगळा, चढा आकडा दिलेला असतो. मे महिन्यातल्या प्रवासाला तोच लागू. मोजायचे ते पहाटे, गाडी हलण्यापूर्वी. त्यासाठी खिशात मावणारा काटा घरी असावा. महिन्याला साधारण पौंडभर हवा आपोआप झिरपते. शिवाय मेमधल्या चाळीस अंशांत भरलेले ३३ पौंड जानेवारीच्या दहा अंशांत अठ्ठावीसच्या घरात येतात, तेव्हा माळव्याच्या थंडीतही काटा लावणे आलेच.

आणि स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथे १९०४ मध्ये जादा चाक बनविणारा कारखाना निघाला. विलायतेत तो शब्द मागे पडला, आपल्याकडे टिकला. चार चाकांची हवा पाहणारे पाचव्याला सहसा विसरतात. २०२० पासून हवेचा इशारा देणारे यंत्र, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर-दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली आहे. पण ज्यांच्या डिकीत ती अद्याप आहे, त्यांनी शेवेची पाकिटे रचण्यापूर्वी तिला काटा लावून घ्यावा. बिजासनच्या घाटात, म्हणजे इंदुरातल्या टेकडीवरच्या नव्हे, सेंधव्यापुढच्या, भर दुपारी ती बाहेर काढल्यावर हवेचा पंप जवळपास सापडेलच असे नाही.