एल्डेनाच्या विटा

बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत कास्पार डेव्हिड फ्रीडरिशच्या ‘ओकवनातला मठ’ या चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. १८०९-१० मधलं हे चित्र, रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास. बर्फ, वठल्यासारखे ओक, उंच कमानदार खिडकीची एकच भिंत उभी. तिच्या दारातून मठवासी शवपेटी आत नेताहेत. आत म्हणजे कुठे? भिंतीपलीकडे काही उरलेलंच नाही! ती भिंत खरी आहे, ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाची आहे, असं कळलं आणि दुसऱ्या दिवशी ग्राइफ्सवाल्डची गाडी पकडली.

तीनेक तास सपाट शेतं. ग्राइफ्सवाल्ड हे फ्रीडरिशचं जन्मगाव. बाप साबण आणि मेणबत्त्या करायचा. भाड्याची सायकल घेऊन रिक नदीच्या काठाने निघालो. वाट सपाट, तरी समोरून येणाऱ्या समुद्रवाऱ्याने दम काढला. नदीच्या मुखाशी वीक हे कोळ्यांचं गाव, धुरावलेल्या मासळीचा वास, १८८७ चा लाकडी उचलपूल. तिथून एल्डेना अगदी जवळ.

आणि अवशेष निघाले चक्क लाल! चित्रातली ती करडी, धुक्यात विरघळणारी भिंत इथे भाजक्या विटांची, जूनच्या उन्हात तापलेली. भोवती बाग, दाट सावली, खांबाच्या बुंध्यावर बसून सँडविच खाणारी मुलं. खिडकी मात्र तीच. तिच्यातून नुसतं आभाळ दिसतं.

सिस्टर्सियन पंथाचा हा मठ ११९९ चा. धर्मसुधारणेच्या लाटेत १५३५ मध्ये तो बंद झाला, तीस वर्षांच्या युद्धात मोडला आणि पुढे स्वीडिश अमलात त्याच्या विटा शहराच्या तटबंदीला गेल्या. आपल्याकडे पडक्या गढीचे चिरे गावातल्या घराघरांत सापडतात, तसंच. मोफतची वीट कोण सोडतो? फ्रीडरिशच्या चित्रांमुळे लोकांचं लक्ष गेलं, मग डागडुजी झाली.

संध्याकाळी गावातल्या पोमेरानियन संग्रहालयात गेलो. तिथे त्याचं १८३० नंतरचं एक चित्र आहे. हेच एल्डेना, पण मागे निळ्या डोंगरांच्या रांगा! ते डोंगर बोहेमिया-सिलेशियाच्या सीमेवरचे, इथून शेकडो किलोमीटर दूर. १८१० मध्ये तो ते पायी हिंडला होता. ड्रेस्डेनच्या चित्रशाळेत बसून त्याने गावचा मठ उचलला आणि तिकडे नेऊन ठेवला. शहराने विटा नेल्या, याने अख्खा मठच नेला. आधी फसवल्यासारखं वाटलं. मग दिवसभरात पाहिलेलं आठवून पाहिलं: नदी, शेतं, खाडी, कुठे साधं टेकाड नाही. अशा मुलखात वाढलेल्याला डोंगर हवेसे वाटणारच.

सायकल परत करायला सात वाजले. परतताना वारा पाठीशी होता.