साथ

गवयाच्या शेजारी बसून जो तबला वाजवतो त्याच्याविषयी ‘तो तबला वाजवतो’ असे आपण क्वचितच म्हणतो. ‘तो साथ करतो’ असे म्हणतो. तापाची येते तीही साथच आणि संसारात जन्मभराची मिळते तीही साथच. एकाच शब्दात रोगराई, संसार आणि संगीत अशी तीन बिऱ्हाडे ज्यांनी थाटून दिली, त्या आपल्या पूर्वजांच्या चतुराईचे मला मोठे कौतुक वाटते. तिन्ही बिऱ्हाडांचा गुण एकच: एकाचे दुसऱ्याला लागते.

या शब्दाच्या मागे मी लागलो त्याला कारण झाली माझी नवी कादंबरी. गेली दोन वर्षे मी लग्नात वाजवणाऱ्या एका बँडपार्टीवर लिहितो आहे. माणसे एकत्र येऊन वाजवतात का आणि मग फुटतात का, एवढाच तिचा विषय. एका उन्हाळ्यात पुण्यात नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो म्हणाला, “सर, बँडवर लिहिता आणि रॉकवाल्यांची माहिती काढत नाही, हे कसं चालेल?” आणि त्याने माझ्या मोबाइलमध्ये पन्नासएक गाणी भरून दिली.

मी मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. इंग्रजीही त्याच मापाचे. पहिले दोन दिवस ती गाणी ऐकताना जत्रेतले तीन लाउडस्पीकर एकाच वेळी सुरू झाल्यासारखे वाटले. पण तिसऱ्या दिवशी गाण्यांपेक्षा गाणाऱ्यांच्या नातेसंबंधांची मला गोडी लागली. या मंडळींची सोयरीक आपल्या खेड्यातल्या भावकीसारखी आहे. हा त्याच्या गाण्यात गिटार वाजवून गेला, तो याच्या बँडमधून फुटून तिसऱ्याकडे गेला, मग दोघे पुन्हा एका मांडवात भेटले. कोण कोणाचा कोण, हे लक्षात ठेवायला आमच्या गावातली एखादी म्हातारीच हवी.

त्यातली एक हकिगत मला फार आवडली. लिव्हरपूलच्या चार पोरांचा बीटल्स हा बँड १९६८ साली आतून धुमसत होता. चौघांतला जॉर्ज हॅरिसन याने एक गाणे केले होते, पण बाकीचे तिघे त्यात मन घालीनात. तेव्हा ६ सप्टेंबरला त्याने आपला मित्र एरिक क्लॅप्टन याला सोबत स्टुडिओत नेले. क्लॅप्टन म्हणजे त्या वेळचा नावाजलेला गिटारवादक. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरचा माणूस वाजवत नाही, म्हणून तो आधी कचरत होता. तो आत येताच धुसफुसणारे तिघे एकदम सरळ झाले आणि गाणे उत्तम उतरले. हे वाचून मी मोठ्याने हसलो. घरात पाहुणा आला की जावाजावांची भांडणे थांबतात आणि चहात साखर वाढते, हा तर आपला घरोघरचा अनुभव! क्लॅप्टनचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापले गेले नाही. पुढे या दोन मित्रांच्या संसारात मोठे वादळ आले, तरी मैत्री तुटली नाही. हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. बरोबर वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्यासाठी जो जलसा झाला, त्याची सांगीतिक धुरा क्लॅप्टननेच वाहिली.

याच हॅरिसनने १९७१ साली आणखी एक मांडव घातला. पूर्व बंगालवर आधी चक्रीवादळ आणि मग युद्ध कोसळले होते. लाखो निर्वासित भारतात येत होते. पंडित रविशंकरांनी आपल्या या शिष्याला मदतीची हाक दिली आणि काही आठवड्यांत १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी दोन जलसे झाले. बॉब डिलन आला, प्रकृती बरी नसताना क्लॅप्टन आला, रिंगो स्टार आला. सुरुवातीला रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद आणि अल्लारखाँचा तबला. वाद्ये नुसती जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर, जुळवणेच एवढे आवडले तर वाजवणे आणखी आवडेल, अशा अर्थाचे काहीतरी रविशंकर मिस्कीलपणे बोलून गेले. बिचाऱ्या श्रोत्यांना हसू नये. वाद्य दुसऱ्या वाद्याशी जुळवून घेण्याला टाळी द्यायची असेल, तर मी स्वतः दोन्ही हातांनी देईन.

पण ‘नामवंतांनी एका कामासाठी एकत्र यावे ही कल्पना साहेबांची’ असे कोणी म्हणू लागला, तर मराठी माणसाने त्याला ८ जुलै १९२१ ही तारीख सांगावी. त्या दिवशी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. एरवी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था. त्यांच्या चाहत्यांत ‘थोर कोण’ यावरून वर्दळीवर येण्यापर्यंत वाद. पण त्या रात्री बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. खाडिलकरांचे शब्द आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली दोघांच्या गळ्यांतून समोरासमोर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव ऐन तारुण्यात गेले. ती रात्र हुकली असती तर पुन्हा आलीच नसती. न्यूयॉर्कच्या जलशाआधी पन्नास वर्षे आमचे दोन नट हे करून मोकळे झाले होते.

मोठ्यांची साथ लोकांच्या लक्षात राहते. मला मात्र मागे बसणाऱ्यांची नावे शोधण्याचा नाद आहे. १९६६ साली बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीत हॅरिसनच्या एका गाण्याला तबला आहे. वाजवणाऱ्याचे नाव अनिल भागवत. हे आडनाव ऐकताच पंक्तीत ओळखीचा माणूस दिसावा तसे मला झाले. त्यांचे नाव वेष्टनावर छापले आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीत लंडनमधल्या काही भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवला. त्यांत एक अण्णा जोशी होते. त्यांची नावे मात्र तेव्हा वेष्टनावर आली नाहीत, लोकांना ती पुष्कळ वर्षांनी कळली. गाणे जगभर गेले आणि वाजवणारा आपल्या चाळीतल्या खोलीत परत आला, अशी एक व्यक्तिरेखा माझ्या कादंबरीत आहे. ती मला तिथून मिळाली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केले. ‘द इनर लाइट’ या गाण्याचे संगीत तिथलेच. त्यात बासरी आहे, सरोद आहे आणि पखवाजही आहे. पखवाज म्हटला की आम्हा बीड जिल्ह्यातल्या लोकांचे कान टवकारतात. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर हे थोर पखवाजवादक. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनीही तोच पखवाज पुढे नेला. वारकऱ्यांच्या भजनात घुमणारा हा हात धृपदाच्या मैफलीतही तेवढ्याच मानाने बसला. पखवाजाच्या एका तोंडाला कणीक लावतात, हे आमच्याकडच्या पोरासोरांना ठाऊक असते. ज्या पिठाची भाकरी होत नाही ते पीठ कशाला, असे म्हणणारा माणूस आमच्या दुष्काळी मुलखातही मला अजून भेटलेला नाही.

साथीला वय नसते आणि गाव नसते. सांगलीकडे जन्मलेल्या, मास्टर दीनानाथांच्या कन्या आशा भोसले १९९१ साली इंग्रज गायक बॉय जॉर्जच्या गाण्यात गायल्या. २००२ साली अमेरिकेतल्या आर. ई. एम. या बँडच्या मायकेल स्टाइपबरोबर त्यांचा आवाज एका गाण्यात आला. तेव्हा बाई सत्तरीला टेकल्या होत्या. आणि आमच्या पाचगणीचे उदाहरण तर प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा होता. वसतिगृहातल्या दोस्तांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. तो त्यात पियानो वाजवी. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचा क्वीन हा बँड आणि डेव्हिड बोवी असे सहज एकत्र वाजवत बसले आणि त्यातून त्यांचे एक गाजलेले गाणे जन्मले. त्या बैठकीचे बीज शाळेच्या स्नेहसंमेलनात पेरले गेले होते, असे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत ठासून सांगतो. संमेलनाला वर्गणी मागताना ते उपयोगी पडते.

कारण आमच्या शाळेतही असा एक बँड आहे. त्यात दोनच जण. एक किराणा दुकानदाराचा मुलगा, तो कीबोर्ड वाजवतो. दुसरा ऊसतोडणी कामगाराचा, तो हलगी वाजवतो. हलगी आमच्याकडे लग्नात लागते, मिरवणुकीत लागते. ओसरीची पायरी मात्र तिला सहसा चढू देत नाहीत. गेल्या वर्षी श्रावणात दोघांनी सराव सुरू केला तो दुकानदाराच्या परसात, पत्र्याच्या आडोशाला. पावसाने हलगीचे कातडे ओलसर होई आणि आवाज बसे. ती शेकायची कुठे? तीन-चार दिवस भिजक्या काटक्यांशी त्यांची झटापट पाहून दुकानदाराची म्हातारी आई दारात आली आणि म्हणाली, “असा धूर करू नका रे. आणा तिला आत, चुलीपाशी.” बस्स, एवढेच. त्या दिवसापासून हलगी त्या घरात चुलीजवळ शेकली जाते. यावर कोणी भाषण केले नाही, म्हणून ते टिकले असावे.

दिवाळी जवळ आली तशी खरी अडचण उभी राहिली. आमच्या जिल्ह्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत जायचे. गळीत हंगाम संपेपर्यंत फडाकाठची कोपी हेच घर. हलगीवाल्याच्या आईबापांनी उचल घेतली होती. मी त्यांच्या घरी गेलो. आई म्हणाली, “सर, वाजवून पोट भरत न्हाई. आम्ही फडात असताना धाकटीला कोण बघंल?” तिचा प्रश्न खरा होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

इकडे दुकानदारही आपल्या परीने बरोबर होता. मुलाला म्हणाला, “तुझ्या यंत्रात सगळे ठेके भरलेले आहेत. बटण दाब आणि वाजव की.” मुलगा माझ्याकडे आला. पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, “बटण दाबलं की ठेका चालू होतो, सर. पण मी चुकलो तर त्याला कळत न्हाई. ह्याला कळतं. हा माझ्यासाठी थांबतो.”

बँडवर दोन वर्षे कादंबरी लिहून मला जे सापडले नव्हते ते आठवीतल्या पोराने तीन वाक्यांत सांगितले. ते मी म्हाताऱ्या आजीच्या कानावर घातले. तिने आपल्या सुनेशी बोलणे केले, हलगीवाल्याच्या आजीशी केले, आणि भाऊबीजेच्या आत तोड निघाली. हलगीवाल्याची आजी दोन्ही नातवंडांना घेऊन गावात राहील, संध्याकाळची भाकरी-कालवण दुकानदाराच्या घरून जाईल. टोळी गेली, पोरगा राहिला. जानेवारीत संमेलनात दोघे वाजवले. मांडवामागे कागद पेटवून हलगी शेकताना कीबोर्डवाला आडोसा धरून उभा होता, वाऱ्याने जाळ विझू नये म्हणून. टाळ्या पुष्कळ झाल्या. पण दोघांचे लक्ष श्रोत्यांकडे नव्हते, एकमेकांच्या हाताकडे होते.

या वर्षी दोघे नववीत आहेत. हलगीवाला खांद्याने भरला आहे, आणि भरलेला खांदा मुकादमाला लांबून दिसतो. आजीचे गुडघे धरले आहेत. धाकटीला तिच्याकडे ठेवावी की सोबत न्यावी, याचा निर्णय आईने अजून केलेला नाही. वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल, तुम्ही चकलीचा तुकडा मोडत तो चाळाल, तेव्हा आमच्याकडे ट्रॅक्टर दारांत उभे असतील. शाळेच्या मागच्या खोलीत हलगी वाजत असेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. आजी मात्र माझ्याआधी कामाला लागली आहे. काल तिने मला दुकानासमोर थांबवले आणि विचारले, “ह्या साली त्या पोराच्या आईला कधी भेटायला जायचं, सर? मी येते तुमच्या संगं.”

आम्ही उद्या संध्याकाळी जाणार आहोत.